दुर्मीळ सोल संगीताच्या रीइश्यू सिंगल्स : निवडायच्या कशा, ओळखायच्या कशा, सांभाळायच्या कशा

फ्रँक विल्सन यांची ‘डू आय लव्ह यू’ ही सात इंची सिंगल १९६५ साली अमेरिकेतल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या ‘सोल’ या उपलेबलवर निघायची होती. प्रती छापून झाल्या आणि बेत रद्द झाला. विल्सन निर्मात्याच्या खुर्चीतच राहिले आणि छापलेला माल नष्ट करण्यात आला. बोटांवर मोजण्याइतक्या प्रती वाचल्या. त्यांतली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली आणि २०२० मध्ये एका प्रतीला १ लाख पौंड मिळाले. हेच गाणं ब्रिटनमधल्या टॅमला मोटाऊनने १९७९ मध्ये टीएमजी ११७० या क्रमांकाने रीतसर पुन्हा बाजारात आणलं. ती प्रत आजही पगारदार माणसाला परवडते. सुई टेकवली की दोन्हींतून तोच आवाज येतो.

हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे नंतर पुन्हा छापलेल्या ‘रीइश्यू’ रेकॉर्डबद्दल आहे. मूळ प्रती जमवणाऱ्यांना रीइश्यूचं वावडं असतं. ब्रिटनमधल्या सोल-रात्रींत ‘ओव्हीओ’ असा दंडकच आहे : डीजेने मूळ प्रतच वाजवायची. तुम्हाला उत्तर इंग्लंडच्या विगनमध्ये डीजे व्हायचं नसेल, तर हा दंडक तुम्हाला लागू नाही. पण रीइश्यू घ्यायची तर ती रीइश्यू म्हणूनच, नीट पारखून घ्यावी. बाजारात रीतसर रीइश्यूच्या शेजारीच चोरून छापलेला माल पडलेला असतो आणि पहिल्या नजरेत दोन्ही सारखेच दिसतात.

हा नाद आला कुठून

साठच्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया अशा शहरांत छोटी छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, उगवली. दोन-चार गाणी ध्वनिमुद्रित करायची, पाचशे-हजार प्रती छापायच्या, गाडीच्या डिकीत टाकून रेडिओ स्टेशनांवर वाटायच्या. वाजलं तर वाजलं, नाहीतर माल गोदामात. बहुतेकांचं नाहीच वाजलं. वॉशिंग्टनमधल्या ‘श्राइन’ या लेबलची कहाणी तर फारच दुर्दैवी. मोटाऊनचे मालक बेरी गॉर्डी यांच्या पूर्वपत्नी रेनोमा आणि त्यांचे पती एडी सिंगलटन यांनी काढलेलं हे लेबल दोन-तीन वर्षांत बुडालं. उरलेला माल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जळाला, असं सांगतात.

या पडून राहिलेल्या रेकॉर्डना गिऱ्हाईक मिळालं ते समुद्रापलीकडे, उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत. मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील, स्टोक-ऑन-ट्रेंटचं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मेक्का आणि १९७३ ते १९८१ या काळात चाललेलं विगन कसिनो. कामगारवर्गातली पोरं शनिवारी मध्यरात्रीनंतर आत शिरायची आणि सकाळपर्यंत नाचायची. कसिनोत दारू मिळत नसे. पाय सरकावेत म्हणून लाकडी फरशीवर टाल्कम पावडर टाकत. लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणारे पत्रकार डेव्ह गोडिन यांनी या पसंतीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं. वेग जास्त, ढोलाचा ठेका घट्ट, गाणाऱ्याचा जीव ओतलेला आणि गाणं शक्यतो कुणी न ऐकलेलं, अशी ही पसंती. दुसऱ्या डीजेला रेकॉर्डचा पत्ता लागू नये म्हणून तबकडीच्या मधल्या छापील लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव लिहायची रीत होती. त्याला ‘कव्हर-अप’ म्हणत. विल्सन यांचं वर सांगितलेलं गाणं ‘एडी फॉस्टर’ या नावाने वाजायचं आणि त्या खोट्या नावासकट त्याच्या चोरट्या प्रतीही छापल्या गेल्या!

मागणी वाढली तशा रीइश्यू आल्या, आणि काही तर थेट लोकप्रियतेच्या यादीत चढल्या. टॅम्स या गटाची १९६४ ची सिंगल १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. आर. डीन टेलर यांचं १९६७ चं गाणं १९७४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. ‘पाय रेकॉर्ड्स’सारख्या मोठ्या कंपनीने ‘डिस्को डिमांड’ नावाची वेगळी मालिकाच सुरू केली. सत्तरच्या दशकातल्या या रीइश्यूंनाही आता पन्नास वर्षं होत आली आहेत आणि त्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक आहेत. माझ्या मते नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. किंमत आवाक्यात असते, ब्रिटिश छपाई सहसा चांगली असते आणि हाताला जुनी रेकॉर्ड लागल्याचं सुखही मिळतं.

आधी ऐका, मग खिशात हात घाला

पहिले काही महिने एकही रेकॉर्ड विकत घेऊ नका. लंडनच्या एस रेकॉर्ड्सचं ‘केंट’ हे सोलसाठीचं लेबल १९८२ पासून चालू आहे. त्यांचे संकलनसंच आणि शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपची ‘एक्सेंट्रिक सोल’ मालिका ऑनलाइन ऐका. न्यूमेरो २००३ मध्ये सुरू झालं. त्या मालिकेतला पहिला संच ओहायोतल्या कोलंबसच्या ‘कॅपसोल’ या लेबलवरचा आहे. मोठ्या शहरांच्या सावलीत काय काय घडत होतं हे त्यातून समजतं.

ऐकताना आवड कुठे झुकते आहे ते टिपून ठेवा. धावत्या ठेक्याची डेट्रॉइट शैली, शिकागोचा मऊ आणि वाद्यवृंदाने भरलेला बाज, की दक्षिणेकडची संथ, रडवणारी ‘डीप सोल’? या तिन्हींच्या रीइश्यू वेगवेगळी लेबलं काढतात. दिसेल ते घेत सुटलात तर वर्षभरात शंभर रेकॉर्ड जमतात आणि त्यांतल्या दहाच वाजतात.

बी-बाजू ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ग्लोरिया जोन्स यांचं ‘टेन्टेड लव्ह’ हे १९६५ मध्ये चॅम्पियन लेबलवरच्या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. पुढची बाजू आज कुणाला आठवत नाही. रीइश्यूत मात्र मागच्या बाजूला मूळचंच गाणं असेल असं नाही. काही लेबलं दोन वेगळ्या दुर्मीळ सिंगल्सच्या चांगल्या बाजू एकत्र करतात, काही आधी कधीच न छापलेलं ध्वनिमुद्रण जोडतात. पैशाच्या हिशेबाने हे दोन प्रकार सर्वांत फायद्याचे.

एकाच गाण्याच्या पाच तऱ्हा

विक्रीला आलेली प्रत यांपैकी कुठली, हे ठरवल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.

पहिली तऱ्हा मूळ प्रत. हिच्यातच रेडिओला पाठवलेली, बहुधा पांढऱ्या लेबलची डेमो येते. दुसरी, त्याच काळात दुसऱ्या देशात निघालेली अधिकृत प्रत. या ब्रिटिश प्रती कधीकधी अमेरिकन प्रतीपेक्षा कितीतरी महाग असतात. डॅरेल बँक्स यांच्या १९६६ च्या सिंगलची ‘लंडन’ लेबलवरची प्रत २०१४ मध्ये १४ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. तिसरी, परवाना घेऊन काढलेली रीइश्यू. आपला विषय हीच. चौथी बूटलेग, म्हणजे हक्क न घेता छापलेली. हिच्यात पुन्हा दोन पोटजाती : उघडपणे वेगळ्या लेबलवर आलेली आणि मूळ लेबलची हुबेहूब नक्कल. पाचवी अॅसिटेट. एकट्यादुकट्या डीजेसाठी कापलेली, थोड्याच वेळा वाजवता येणारी तबकडी. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये कापलेल्या ‘एमीडिस्क’ अशाच. संग्रहालयात शोभतील, रोज ऐकायला नकोत.

घोटाळा होतो तो तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये. आजकालच्या परवानाधारक रीइश्यूही मूळ लेबलचं रूप मुद्दाम जपतात. तेच रंग, तीच अक्षरं. म्हणून ‘दिसायला अगदी जुन्यासारखी’ हा पुरावा कशाचाच नाही.

आतली कोरी पट्टी वाचायला शिका

शेवटच्या खोबणीपासून लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिला डेडवॅक्स म्हणतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. आकडे, अक्षरं, कधी एखादं चिन्ह दिसेल. हाच मॅट्रिक्स क्रमांक. लेबल कुणीही छापू शकतो. ही पट्टी मात्र रेकॉर्ड कुठे कापली आणि कुठे दाबली ते सांगते.

साठच्या दशकातल्या अमेरिकन मूळ प्रतींवर कारखान्याच्या खुणा यंत्राने ठोकलेल्या असत. मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगची ‘एआरपी’ ही गुंफलेली अक्षरं डेट्रॉइटच्या पुष्कळ सिंगल्सवर सापडतात. हा कारखाना १९७२ मध्ये आगीत गेला, त्यामुळे ती खूण त्यानंतरची असू शकत नाही. लॉस एंजेलिसच्या मोनार्कची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आणि त्याच्यापुढे क्रमांक. न्यूयॉर्कच्या बेल साउंड स्टुडिओत कापलेल्या रेकॉर्डवर त्यांच्या नावाचा शिक्का असतो. एखाद्या सिंगलची मूळ प्रत ठोकलेल्या शिक्क्याची असल्याची नोंद आहे, आणि तुमच्यासमोरच्या प्रतीवर तोच क्रमांक सुईने खरवडल्यासारखा हाताने लिहिलेला आहे, तर ती नक्कल असण्याचीच शक्यता जास्त.

नव्या छपाईच्या खुणा वेगळ्या. चेक प्रजासत्ताकातला जीझेड मीडिया हा जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. त्यांच्या पट्टीवर बहुधा सहा आकडे आणि पुढे ‘ई१/ए’ किंवा ‘ई२/बी’ अशासारखी जोडणी दिसते. ही खूण दिसली की लेबलवर १९६४ लिहिलेलं असलं तरी रेकॉर्ड अलीकडची. यात वाईट काही नाही; विक्रेता तिला ‘ओरिजिनल’ म्हणत असेल तर वाईट.

लेबलवर एक खूण नक्की शोधा : वर्तुळातलं पी. ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं हे चिन्ह १९६१ च्या रोम करारातून आलं, पण अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण फेब्रुवारी १९७२ पासून मिळालं. तेव्हा वर्तुळातला पी असलेली ‘१९६६ ची अमेरिकन मूळ प्रत’ बहुधा मूळ नसतेच. उलट रीइश्यूवर हे चिन्ह, साल आणि ‘अमक्याच्या परवान्याने’ अशी ओळ असावी हीच आपली अपेक्षा. ती ओळ नसेल, कंपनीचा पत्ता नसेल, नाव इंटरनेटवर कुठेच सापडत नसेल, तर रेकॉर्ड परत खोक्यात ठेवा.

तबकडी कशाची बनली आहे तेही बघा. अमेरिकेत त्या काळी बऱ्याच सिंगल्स व्हायनिल या रेकॉर्डच्या नेहमीच्या प्लास्टिकऐवजी पॉलिस्टायरीनच्या (थोडक्यात ‘स्टायरीन’च्या) असत. स्टायरीनची रेकॉर्ड कडक, वाकत नाही आणि तिचं लेबल वरून चिकटवलेलं असतं. व्हायनिलमध्ये लेबल तबकडीसोबतच दाबलं जातं. रीइश्यू जवळपास सगळ्या व्हायनिलच्याच. ‘मूळ स्टायरीनची, ही व्हायनिलची, म्हणजे नकली’ असा निकाल मात्र घाईने लावू नका. एकच सिंगल एकाच वेळी दोन कारखान्यांत, एकीकडे स्टायरीनवर आणि दुसरीकडे व्हायनिलवर दाबली गेल्याची उदाहरणं आहेत.

डिस्कॉग्स हे संकेतस्थळ २००० पासून चालू आहे. तिथे प्रत्येक आवृत्तीच्या पानावर मॅट्रिक्सचा रकाना असतो. हातातल्या प्रतीवरचं एकेक अक्षर त्या रकान्याशी ताडून पाहा. बूटलेगच्या पानावर ‘अनऑफिशियल’ असा शेरा असतो आणि तिथल्या बाजारात अशा प्रती विकायला मनाई आहे. सात इंची सिंगल्ससाठी ४५कॅट हे दुसरं संकेतस्थळ. तिथली लेबलांची छायाचित्रं आणि खालच्या टिपा कधीकधी डिस्कॉग्सपेक्षाही बारीक असतात.

आवाज कुठून उचलला आहे

परवाना आहे, छपाई नवी आहे, तरी आवाज भुक्कड असू शकतो. कारण मूळ मास्टर टेप. छोट्या लेबलांच्या टेपा हरवल्या, पुसल्या गेल्या, भिजल्या. टेप नसेल तर चांगल्या अवस्थेतल्या मूळ रेकॉर्डवरून आवाज उतरवतात. त्यात कमीपणा नाही. एका चांगल्या प्रतीवरून, जाणत्या माणसाने साफ केलेला आवाज ऐकायला उत्तम असतो. अट इतकीच की लेबलने तसं सांगावं.

तपासायची सोपी जागा म्हणजे गाण्याच्या आधीचा आणि शेवटचा क्षण. हेडफोन लावा. नव्या रेकॉर्डची स्वतःची खरखर फार बारीक आणि सलग असते. गाणं सुरू होताच तिच्याखालून दुसरीच टिकटिक सुरू झाली आणि गाण्याबरोबरच विरून गेली, तर आवाज जुन्या रेकॉर्डवरून घेतला आहे. शेवटचं मंद होत जाणं मूळ गाण्याहून पाच-सहा सेकंद आधी तोडलं असेल, तर कुणीतरी ती टिकटिक लपवायचा प्रयत्न केला आहे. झांजेचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत असेल, तर खरखर घालवण्याच्या नादात वरचे स्वरही घालवलेत.

मोनो की स्टिरिओ हा दुसरा प्रश्न. नाचणाऱ्यांनी डोक्यावर घेतलेली गाणी मोनो सिंगलच्या मिश्रणातली. ढोल आणि बास पुढे, सगळं एका मुठीत आवळल्यासारखं. टेपेवरून नव्याने केलेल्या स्टिरिओ मिश्रणात गायक मध्ये, कोरस डावीकडे, ढोल उजवीकडे, आणि तो ठोसा गायब. अपवाद आहेत, पण जाहिरातीत ‘मूळ मोनो सिंगल मिक्स’ लिहिलेलं असेल तर मी चार पैसे जास्त द्यायला तयार असतो.

केंटसारख्या लेबलांचं मोठं काम हे की त्यांनी कंपन्यांच्या टेपांच्या कोठारांत बसून, कधीच बाहेर न पडलेली ध्वनिमुद्रणं शोधली. मेल्बा मूर यांचं ‘द मॅजिक टच’ साठच्या दशकात ध्वनिमुद्रित झालं आणि लोकांसमोर आलं ऐंशीच्या दशकात, केंटमुळे. अशा गाण्याची ‘मूळ प्रत’ म्हणजेच ही नंतरची सिंगल. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबमध्ये जी रात्रभराची सोल-मैफल होते, तिच्या दरवर्षीच्या वर्धापनदिनी आलेल्यांना एक खास सिंगल भेट मिळते. ती दुकानात येत नाही. पुढे बाजारात आली की किंमत चढलेली असते, आणि तिच्यापुढे ‘ओव्हीओ’वालेही गप्प बसतात.

हक्क कुणाचे, पैसे कुणाला

ब्रिटन आणि युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला. पण तोवर हक्क संपलेली, म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं मोकळीच राहिली. त्यामुळे १९६१ चं रिदम अँड ब्लूज गाणं युरोपातली कुठलीही कंपनी मूळ लेबलला न विचारता कायद्याने छापू शकते. १९६५ चं सोल गाणं नाही छापू शकत. ही रेघ डोक्यात पक्की ठेवली की निम्मे प्रश्न सुटतात. १९६३ चं किंवा त्यानंतरचं गाणं, लेबलवर परवान्याची ओळ नाही : संशय घ्या. १९६३ आधीचं गाणं, परवान्याची ओळ नाही : बेकायदा नसेल, पण गाणाऱ्याच्या घरी त्यातून काही जात असेलच असं नाही. घ्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. गायक किंवा त्यांचे वारस शोधून त्यांच्याशी करार करणारी लेबलं हे आपल्या जाहिरातीत आवर्जून सांगतात. मी पहिली पसंती त्यांना देतो. केंट आणि न्यूमेरोखेरीज ब्रिटनचं सोल जंक्शन आणि स्पेनचं सोल फॉर रियल ही नावं लक्षात ठेवा.

खरेदी : कुठे आणि कोणत्या भाषेत

नवी रीइश्यू शक्यतो लेबलकडूनच किंवा ब्रिटनमधल्या सोलच्या खास दुकानांतून घ्या. किंमत साधारण १० ते १५ पौंड, टपालखर्च वेगळा. पाचशे-हजारच प्रती निघत असल्याने लेबलच्या ईमेल-यादीत नाव घालून ठेवणं हा एकमेव खात्रीचा उपाय. रेकॉर्ड स्टोअर डे हा २००८ पासून दरवर्षी वसंतात होणारा उत्सव. त्यातही सोलच्या सिंगल्स असतात, पण दुसऱ्या दिवशी त्याच दुप्पट किमतीला दिसतात. दोन-तीन महिने थांबा. बऱ्याच खाली येतात.

मुंबईत, पुण्यात, गोव्यात जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत चाळायला जरूर जा, पण हा माल तिथे मिळेल अशा आशेने नको. सात इंची तबकडी आपल्याला परिचयाची आहे. घरोघरी भावगीतांच्या आणि सिनेमाच्या ईपी होत्या. अमेरिकन सोल सिंगल्स मात्र इथे फार थोड्या आल्या. चुकूनमाकून मोटाऊनची एखादी भारतीय छपाई सापडली तर घेऊन टाका.

जुनी रीइश्यू घेताना जाहिरातीतली संक्षिप्त भाषा कळायला हवी. ‘आरई’ म्हणजे रीइश्यू. ‘बूट’, ‘रेप्रो’ म्हणजे नक्कल. नॉर्दर्न सोलच्या जुन्या यादीत नुसतं ‘प्रेसिंग’ लिहिलं असेल तर तेही बहुधा बूटलेगच समजायचं. ‘डब्ल्यूओएल’ म्हणजे लेबलवर लिहिलेलं आहे, ‘एसओएल’ म्हणजे लेबलवर चिकटपट्टी. ‘डिंक्ड’ म्हणजे मधला भाग काढून भोक मोठं केलेलं. ब्रिटिश सिंगल्स ज्यूकबॉक्ससाठी अशा केल्या जात.

अवस्थेच्या श्रेणी दोन पद्धतींच्या. अमेरिकन गोल्डमाइन पद्धतीत ‘नियर मिंट’खाली ‘व्हीजी प्लस’ आणि मग ‘व्हीजी’. ब्रिटिश पद्धतीत ‘मिंट’खाली ‘एक्सलंट’ आणि मग ‘व्हीजी’. ‘व्हेरी गुड’ या नावाला भुलू नका. व्हीजी प्रत चांगलीच खरखरते. सर्वांत कामाचा प्रश्न एकच : ‘वाजवून पाहिली आहे का, की नुसती बघून श्रेणी दिली?’ विक्रेता या प्रश्नावर चिडला तर दुसरा विक्रेता गाठा.

भाव ठरवताना डिस्कॉग्सवर ‘विकल्या गेलेल्या’ किमतींचा मध्य बघा. मागितलेल्या किमतींना काही अर्थ नसतो.

भारतात मागवताना

एक सिंगल मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. सात इंची रेकॉर्डचं वजन ४०-५० ग्रॅमच्या आसपास. एका पार्सलात आठ-दहा आरामात बसतात आणि टपालखर्च त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून एकाच विक्रेत्याकडे ‘बाजूला ठेवा’ म्हणून सांगून यादी साठवा. ब्रिटिश दुकानाच्या किमतीत तिथला २० टक्के व्हॅट धरलेला असतो. निर्यातीवर तो कापतात का ते विचारा. कापला तर १२ पौंडांची रेकॉर्ड १० ला पडते.

इकडे कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी भरावा लागेल, तो हिशेबात आधीच धरा. दर बदलत असतात. मागवण्याआधी त्या दिवशीचे बघा. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहायला सांगण्याचा जुना सल्ला आता विसरा : डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून टपालाने आलेल्या भेटवस्तूंना ड्यूटीमाफी नाही. खरी किंमत लिहायला सांगा. पार्सल हरवलं तर विम्याचे पैसेही त्याच किमतीवर मिळतात. कुरियरवाला केवायसीची कागदपत्रं मागेल, ती फोनमध्ये तयार ठेवा.

पार्सल बांधताना विक्रेत्याला तीन गोष्टी सांगायच्या. रेकॉर्ड कागदी पाकिटातून बाहेर काढून पाकिटामागे ठेवा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा आणि आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पहिली सूचना पाळली नाही तर वाटेत रेकॉर्डच्या कडेने पाकीट फाटून येतं. तिसरी जून ते सप्टेंबरसाठी अत्यावश्यक. मँचेस्टर, लेस्टर किंवा लंडनला बहीण-भाऊ, मामा-मावशी असतील तर त्यांच्या पत्त्यावर माल साठवून सुट्टीला येताना आणायला सांगणं सर्वांत स्वस्त. मात्र चेक-इन बॅगेत नको, हातातल्या पिशवीत. आणि सामानाच्या ड्यूटीमाफीची मर्यादा त्यांना आधीच सांगून ठेवा.

पार्सल आल्यावर

उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. मग रेकॉर्ड दिव्याखाली बघा, आणि दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. नव्या रीइश्यूत तीन दोष नेहमीचे. भोक मधोमध नसणं : टोनआर्म (सुईचा दांडा) डावीकडे-उजवीकडे झुलतो आणि लांबवलेले सूर थरथरतात. नॉन-फिल : साच्यात प्लास्टिक नीट न भरल्याने ठराविक जागी कापड फाटल्यासारखा आवाज येतो, तो धुऊन जात नाही. आणि वाकलेली तबकडी. पहिले दोन दिसले तर छायाचित्रासकट लगेच विक्रेत्याला कळवा. चांगली दुकानं बदलून देतात. किंचित वाकलेली रेकॉर्ड सुई न उडता वाजत असेल तर मी वाद घालत नाही.

नवी असली तरी एकदा साफ करा. पाकिटातल्या कागदाचा भुगा खोबणीत असतोच. कार्बन-फायबरचा ब्रश रोजच्यासाठी. जुन्या व्हायनिलसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ मायक्रोफायबर कापड खोबणीच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा. स्टायरीनवर अल्कोहोलयुक्त द्रव अजिबात नको.

यंत्राबद्दल, मोजकंच

अमेरिकन सिंगलचं भोक दीड इंची, ब्रिटिशचं लहान. रीइश्यू दोन्ही तऱ्हांच्या येतात, म्हणून मध्ये बसवायचा अडॅप्टर लागतो. धातूचा, वजनदार घ्या. प्लास्टिकचा सैल अडॅप्टर नीट छापलेली रेकॉर्डही डुलवतो.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं टर्नटेबल असेल तर सावधान. नुसत्या व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरने भागत नाही. काही बेल्टवाल्या यंत्रांची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. तिथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. अशा यंत्रावर ४५ ची रेकॉर्ड ३७.५ च्या गतीने फिरेल आणि नाचाचं गाणं शोकगीत होईल. ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. ब्रिटनहून आणलेल्या यंत्राला ही अडचण नाही. डायरेक्ट-ड्राइव्ह यंत्रांची गती बहुधा विजेच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून नसते, तरी व्होल्टेज बघाच.

सुई साधी कोनिकल, म्हणजे गोलसर टोकाची, असली तरी चालते. स्टायरीनच्या जुन्या प्रती वाजवणार असाल तर तीच बरी. आणि डीजेंसारखी रेकॉर्ड मागे-पुढे फिरवून गाण्याची सुरुवात शोधण्याचा मोह स्टायरीनवर टाळा. त्याने पहिल्या दोन सेकंदांत कायमची हिस्स बसते. ‘क्यू-बर्न’ म्हणतात ती हीच.

पावसाळा आणि उन्हाळा

कोकणात आणि मुंबईत शत्रू दमटपणा, विदर्भ-मराठवाड्यात ऊन. जुन्या कागदी पाकिटांना बुरशी लगेच धरते आणि तिथून तबकडीवर येते. कंपनीचं मूळ पाकीट वेगळं जपून ठेवा. रेकॉर्ड नव्या, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घाला आणि वरून पॉलिथिनचं आवरण. पीव्हीसीची जाड, चकचकीत आवरणं वापरू नका. वर्षानुवर्षं चिकटून राहिली की व्हायनिलवर धुरकट थर धरतो. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. खोकं भिंतीला टेकवू नका. बाहेरच्या भिंतीची ओल पुठ्ठ्यातून आत येते. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही. मे महिन्यात बंद गाडीत पार्सल ठेवून जेवायला गेलात तर परत आल्यावर वाटी मिळेल.

नोंदवही

सातशे रेकॉर्ड झाल्यावर नोंदी करायला बसणं कुणाच्याच्याने होत नाही. पहिल्या रेकॉर्डपासून करा. गायक, दोन्ही बाजू, मूळ लेबल आणि साल, रीइश्यूचं लेबल, क्रमांक आणि साल, पट्टीवरचा मॅट्रिक्स जसाच्या तसा, परवाना कुणाचा, आवाज टेपेवरचा की रेकॉर्डवरचा, विकत घेतल्याची किंमत टपाल आणि ड्यूटीसकट. डिस्कॉग्सवर ‘कलेक्शन’मध्येही टाका, पण प्रत निवडताना मॅट्रिक्स जुळवूनच, नुसत्या गाण्याच्या नावावर टिचकी मारली तर तुमच्या कपाटात नसलेली मूळ प्रत यादीत येऊन बसते.

मर्यादित प्रतींच्या काही रीइश्यू संपल्यावर महाग होतात, बऱ्याचशा नाही. लेबलने पुन्हा छापली की भाव उतरतो. एकाच सिंगलच्या दोन-दोन प्रती ‘पुढे विकू’ म्हणून घेण्यात राम नाही. त्या पैशात न ऐकलेली दुसरी घ्या. जी विकायची असेल तिच्या जाहिरातीत रीइश्यूचं साल आणि मॅट्रिक्स पहिल्याच ओळीत लिहा आणि पट्टीचं स्वच्छ छायाचित्र जोडा. एखादी बूटलेग तुमच्याकडे आलीच असेल, तर ती विकू नका. पाकिटावर पेन्सिलने ‘बूटलेग’ लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पुढे संग्रह ज्याच्या हाती जाईल त्यालाही ते कळेल.